बिघाड शिवेच्या कुठल्या बाजूला? क्यूएमूमधलं नेटवर्क, ड्रायव्हर आणि कंपाइल

बेळगावात शहापूरच्या एका बोळात लग्नपत्रिका करून देणारे एक काका आहेत. आमच्या सीमाभागात पत्रिका पुष्कळदा दोन भाषांत लागते. मराठी पाहुण्यांसाठी एक, कन्नड पाहुण्यांसाठी एक, आणि दोन्हींत आजी-आजोबांची नावं अचूक हवीत. अशी वीस वर्षांची कामं काकांच्या एका विंडोज एक्सपीच्या मशीनवर साठलेली होती. ती अक्षरं युनिकोडमध्ये (आजच्या सगळ्या मशीनना कळणाऱ्या अक्षर-संकेतात) नाहीत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागेवरच देवनागरीचे, कन्नडचे तुकडे बसवलेले असायचे. तो ठरावीक फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर हाताशी नसलं, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती चिन्हांची रास दिसते. त्यामुळे मशीन म्हातारं झालं तरी टाकून देता येत नव्हतं.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरांची देखभाल करतो. काकांचा मदरबोर्ड कुरकुरायला लागला तेव्हा आम्ही त्या मशीनची अख्खी डिस्क उतरवून घेतली आणि नव्या लिनक्स मशीनवर क्यूएमू नावाच्या, मशीनचं सोंग उभं करणाऱ्या प्रोग्रामच्या (एम्युलेटरच्या) आत ठेवली. तीन-चार दिवस सगळं सुरळीत चाललं. मग काकांचा फोन आला.

“अरे, नेटच येईना झालंय बघ. काल चालत होतं की!”

मी विचारलं, “काका, कुठल्या मशीनचं नेट? आतल्या की बाहेरच्या?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “ते कसं ओळखायचं?”

हा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लिहितोय. एम्युलेटरमध्ये काहीही अडलं की लोक लगेच सेटिंग बदलायला लागतात, एकेक पर्याय घालून-काढून बघतात. दोन तासांनी मूळ बिघाड कुठला आणि आपण नव्याने घातलेला कुठला, हेच कळेनासं होतं. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते: बिघाड शिवेच्या अलीकडे आहे, पलीकडे आहे, की नेमका शिवेवर?

शीव म्हणजे काय, ते आधी बघू. क्यूएमू हा मुक्त स्रोत एम्युलेटर. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं तो २००३ मध्ये सुरू केला. त्याचं काम अख्खं मशीन सोंगानं उभं करण्याचं आहे. खोटा प्रोसेसर, खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड, खोटा व्हिडिओ कार्ड. आत चालणाऱ्या विंडोजला हे सोंग आहे याचा पत्ता नसतो. तिच्या दृष्टीनं ती खऱ्या लोखंडावरच चालली आहे. बाहेरच्या खऱ्या मशीनला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. म्हणजे जागा तीन झाल्या: होस्ट, गेस्ट आणि मधलं खोटं हार्डवेअर. ही मधली जागा म्हणजे शीव, आणि बहुतेक भांडणं तिथंच होतात.

वेगाचा मुद्दा इथंच उरकून घेतो. क्यूएमू दोन तऱ्हांनी चालतो. एकीत गेस्टच्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना भाषांतर करून होस्टला दिली जाते. ही हळू, पण इंटेलवर एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह अशा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरचंही काहीही चालवता येतं. दुसरीत लिनक्स कर्नेलमधलं (लिनक्सच्या गाभ्यातलं) केव्हीएम वापरून गेस्टच्या सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. केव्हीएम लिनक्समध्ये २००७ साली, २.६.२० या आवृत्तीत आलं. ते तुम्ही कमांडमध्ये मागितलंच नाही, तर क्यूएमू गुपचूप भाषांतराच्या वाटेनं जातो आणि आतली विंडोज गोगलगायीसारखी चालते. मागितल्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर तुमचा युजर केव्हीएम गटात नाही. त्याला गटात घालून एकदा लॉगआउट करून परत या. ‘अशी फाइल नाही’ असं आलं, तर बहुधा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद आहे. आणि ‘डिव्हाइस बिझी’ दिसलं, तर शेजारी व्हर्च्युअलबॉक्स हा असलाच दुसरा प्रोग्राम चालू आहे का बघा. ही तिन्ही दुखणी होस्टची. गेस्टमध्ये कितीही शोधलंत तरी सापडणार नाहीत.

वाण्याच्या दुकानातला फोन

आता नेटवर्क. इथं जरा थांबू, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त इथल्याच असतात.

मोबाइल यायच्या आधी खेड्यात फोन एकच असायचा, वाण्याच्या दुकानात. तुम्हाला पुण्याला फोन लावायचा असला तर दुकानात जाऊन लावता यायचा. पुण्याच्या माणसाला मात्र तो दुकानाचाच नंबर माहीत. तुमच्या घरात फोनच नाही. त्याला तुमच्याशी बोलायचं असेल, तर वाण्याला आधी सांगून ठेवावं लागायचं: अमक्या वेळी फोन आला की सावंतांच्या घरी हाक मारा.

क्यूएमूचं ‘यूजर’ नावाचं नेटवर्क, जे काही न सांगता मिळतं, ते हुबेहूब असंच आहे. आतल्या यंत्रणेचं नाव स्लर्प. ती गेस्टला १०.०.२.१५ हा पत्ता देते. गेस्टला गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, दिसतो १०.०.२.२, आणि नावं विचारायचा डीएनएस दिसतो १०.०.२.३. हे सगळं क्यूएमूच्या पोटात आहे, बाहेर त्याचा मागमूस नाही. गेस्टनं बाहेर काही मागितलं, की क्यूएमू हा होस्टवरचा साधा प्रोग्राम म्हणून ते मागतो आणि उत्तर आत पोचवतो. बाहेरच्या जगाला दिसतो फक्त होस्ट.

ही रचना डोक्यात बसली की तीन ‘बिघाड’ बिघाडच नाहीत हे कळतं.

पहिला पिंगचा. गेस्टमधून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करावं (‘आहेस का?’ अशी हाक मारावी) आणि उत्तर येऊ नये, हे यूजर नेटवर्कवर पुष्कळदा होतं. पिंगची पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) वेबसाइट वापरतात त्या टीसीपीपेक्षा वेगळ्या जातीची असतात आणि ती पाठवायला होस्टवर वेगळी परवानगी लागते. ती नसली तर पिंग मरतं, पण वेबसाइट उघडते. तेव्हा बाहेरच्या पिंगवरून नेट आहे-नाही ठरवू नका. १०.०.२.२ ला केलेल्या पिंगला मात्र स्लर्प स्वतःच उत्तर देतं, म्हणून ती कसोटी खात्रीची.

दुसरा, होस्टवरून गेस्टला पिंग किंवा लॉगिन न होण्याचा. १०.०.२.१५ हा पत्ता होस्टला माहीतच नाही. गावातल्या गावात सावंतांना फोन लावण्यासारखं झालं ते. यासाठी वाण्याला सांगून ठेवायचं, म्हणजे पोर्ट (मशीनचं क्रमांक असलेलं दार) फॉरवर्ड करायचा. कमांडमध्ये ‘होस्ट-एफडब्ल्यूडी’ हा पर्याय देऊन म्हणायचं, की होस्टच्या २२२२ वर कोणी आलं तर त्याला गेस्टच्या २२ वर ने. (कमांडचे शब्द मी इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.) हा नियम बसला नाही, तर बहुधा तो पोर्ट होस्टवर दुसऱ्या कुणीतरी धरलेला असतो किंवा तुम्ही १०२४ च्या खालचा मागितलेला असतो, त्याला रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, लागतो. नियम बसूनही जोडणी होत नसेल, तर शीव ओलांडून गेस्टमध्ये जा. एक्सपीचा फायरवॉल सर्व्हिस पॅक २ पासून आपोआप चालू असतो आणि तो दार लावून बसतो.

तिसरा माझ्या मते सर्वांत फसवा. एक्सपीमध्ये ब्राउझर उघडला, कुठलीही साइट उघडत नाही, म्हणजे नेट गेलं. नाही! आजच्या साइट एचटीटीपीएसवर चालतात आणि त्यांना टीएलएसची, म्हणजे सुरक्षित बोलण्याच्या नियमांची, नवी आवृत्ती लागते. एक्सपीमधला इंटरनेट एक्स्प्लोरर टीएलएस १.० च्या पुढे जात नाही. पाकिटं व्यवस्थित जातात, येतात, फक्त दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. हे दुखणं पूर्णपणे गेस्टचं, नेटवर्कशी त्याचा संबंध नाही.

म्हणून माझी तपासायची पद्धत आतून बाहेर जाणारी आहे. गेस्टमध्ये आधी पत्ता बघतो. १०.०.२.१५ असेल तर कार्ड, ड्रायव्हर (विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम), शीव तिन्ही ठीक. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता असेल तर विंडोजला कार्ड दिसतंय, पण पलीकडून पत्ता द्यायला कोणी नाही. म्हणजे कमांडमध्ये कार्ड जोडलंय आणि त्याच्या मागचं नेटवर्क जोडायचं राहिलंय. याच्या उलट चूक केली, नेटवर्क दिलं पण कार्डच दिलं नाही, तर क्यूएमू सुरू होतानाच टर्मिनलवर ‘हॅज नो पिअर’ अशी सूचना देतो. ती वाचायची असते. पत्ताच नाही, जोडणीचं चिन्हही नाही, तर ड्रायव्हर नाही. पत्ता ठीक असेल तर १०.०.२.२ ला पिंग. मग होस्टवर पायथनचा छोटा वेब सर्व्हर ८००० वर सुरू करून गेस्टच्या ब्राउझरमध्ये १०.०.२.२:८००० उघडतो. हे साधं एचटीटीपी आहे, जुन्या ब्राउझरलाही जमतं. हे उघडलं की शिवेपर्यंतचं सगळं निर्दोष. त्यानंतर नावाची चौकशी, मग बाहेरची साइट.

या पायऱ्या मी काकांना फोनवरच करायला लावल्या. पहिल्याच पायरीला ते म्हणाले, “जोडणीचं चिन्हच दिसंना.” म्हणजे ड्रायव्हर. तिकडे वळण्याआधी ब्रिजबद्दल बोलून घेतो, कारण कॉलेजातली मुलं तिथं फार अडकतात.

ब्रिज म्हणजे घरात स्वतःची लाइन घेणं. गेस्टला तुमच्या राउटरकडूनच पत्ता मिळतो आणि शेजारचा प्रिंटरही त्याला दिसतो. यात पहिली ठेच अशी, की खऱ्या कार्डाला ब्रिजमध्ये घातलं की होस्टचं स्वतःचं नेट जातं. तसं व्हायचंच, कारण आता पत्ता कार्डावर नाही, ब्रिजवर हवा. दुसरी ठेच परवानगीची. ‘ब्रिज डॉट कॉन्फ’ या फाइलीत त्या ब्रिजला ‘अलाव’ म्हटलेलं नसलं, तर क्यूएमूचा मदतनीस सरळ नकार देतो. तिसरी डॉकरची. होस्टवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) असेल तर तो पुढं पाठवायच्या पाकिटांचं धोरण ‘ड्रॉप’ करून ठेवतो, आणि ब्रिजवरची पाकिटंही त्या चाळणीत अडकू शकतात. डॉकर बसवल्याचा दिवस आणि नेट बंद पडल्याचा दिवस एकच आहे का, हे मी हल्ली आधी विचारतो.

आणि वायफाय. खानापूरकडच्या मुलांच्या घरी बहुतेक वेळा मोबाइलचा हॉटस्पॉट असतो, त्यावर ती ब्रिज करायला बघतात आणि रात्र घालवतात. वायफायचा ॲक्सेस पॉइंट ज्या मॅक पत्त्यानं (कार्डाच्या ओळख-क्रमांकानं) नाव नोंदवलंय त्याचीच पाकिटं घेतो. गेस्टचा मॅक वेगळा, त्याची नोंद नाही, त्यामुळे त्याची पाकिटं दारातच टाकली जातात. क्यूएमूची यात काही चूक नाही, आणि सेटिंग बदलून हे सुटतही नाही. वायफायवर असाल तर यूजर नेटवर्क किंवा लिबव्हर्टचं (क्यूएमू सांभाळणाऱ्या साधनाचं) १९२.१६८.१२२ चं तयार नेटवर्क वापरा आणि झोपायला जा.

मॅकवरून आठवलं. क्यूएमू पहिल्या कार्डाला न सांगता ५२:५४:००:१२:३४:५६ हा मॅक देतो. एका ब्रिजवर दोन गेस्ट असे सुरू केले तर दोघांचं एकच नाव, आणि नेट कधी याला कधी त्याला. ‘मधूनच येतं, मधूनच जातं’ अशी तक्रार आली की मी हाच आकडा शोधतो. यूजर नेटवर्कवर प्रत्येकाची खोली वेगळी, तिथं हे होत नाही. तिथं वेगळीच एक अडचण क्वचित येते: होस्टचं लॅनच १०.०.२ नं सुरू होणारं असेल तर गेस्ट त्या लॅनमधल्या मशीनपर्यंत पोचत नाही. ‘नेट’ पर्याय देऊन गेस्टचा पत्ता दुसऱ्या पट्ट्यात हलवला की झालं.

एवढं करूनही कळत नसेल, तर अंदाज बांधू नका, पाकिटं बघा. ‘फिल्टर-डंप’ नावाची वस्तू कमांडमध्ये जोडली की गेस्टच्या कार्डातून गेलेलं-आलेलं सगळं एका फाइलीत उतरतं आणि ती वायरशार्क या पाकिटं वाचायच्या प्रोग्राममध्ये उघडता येते. गेस्टकडून पाकीट निघालंय का, उत्तर परत आलंय का, दोनच गोष्टी बघायच्या. शिवेवर उभं राहून दोन्हीकडे बघण्यासारखं आहे हे. इतकं उपयोगी साधन इतकी कमी माणसं वापरतात याचं मला वाईट वाटतं.

ड्रायव्हर कुणाच्या घरात?

आता काकांचं चिन्ह. त्यांच्या पुतण्यानं आदल्या रात्री सुरू करायची कमांड नव्यानं, नेटकी करून लिहिली होती. तीत कार्डाचं नाव लिहायचं राहिलं. आम्ही आरटीएल ८१३९ हे रिअलटेकचं जुनं कार्ड दिलं होतं, ज्याचा ड्रायव्हर एक्सपीमध्ये मुळातच आहे. नाव नाही म्हटल्यावर क्यूएमूनं आपल्या नेहमीच्या पीसी मशीनचं कार्ड दिलं, इंटेलचं ई-१०००. त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’च्या शेजारी पिवळं चिन्ह उभं. बाहेरचं नेट, राउटर, वायर, सगळं उत्तम. नाव परत लिहिलं, मशीन सुरू झालं, जोडणीचं चिन्ह आलं.

इथं एक गोष्ट पक्की करून घ्या: ड्रायव्हर नेहमी गेस्टमध्ये घालायचा, आणि तो खोट्या हार्डवेअरचा घालायचा. होस्टला खरं कार्ड कुठल्या कंपनीचं आहे याच्याशी गेस्टचा काही संबंध नाही. मी असे लोक पाहिलेत, जे आपल्या लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर आतल्या विंडोजमध्ये चार-चारदा घालत बसतात. आतल्या विंडोजला ते वायफाय जन्मात दिसणार नाही.

मग कुठलं खोटं हार्डवेअर द्यायचं? गेस्ट ज्या काळातली, त्या काळातलं. एक्सपीला आरटीएल ८१३९ आणि सिरसचा व्हिडिओ कार्ड. तो विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत सगळ्यांना ओळखता येतो. माउसचा बाण आत एकीकडे, बाहेर एकीकडे पळत असेल तर यूएसबी टॅब्लेट जोडा, बाण जागेवर येतो. फक्त आधी यूएसबी चालू करायला विसरू नका, नाहीतर ‘यूएसबी-बस सापडली नाही’ म्हणून क्यूएमू थांबतो.

नव्या गेस्टसाठी व्हर्टिओ वापरावा. हे कुठल्याही खऱ्या कार्डाचं सोंग नाही. गेस्टला सरळ सांगितलं जातं की तू एम्युलेटरमध्ये आहेस, तेव्हा उगाच नाटक न करता या छोट्या वाटेनं बोलू. त्यामुळे ते वेगवान. लिनक्समध्ये त्याचे ड्रायव्हर २००८ पासून आहेत. विंडोजमध्ये नाहीत. म्हणूनच व्हर्टिओ डिस्कवर विंडोज १० बसवायला गेलात की ‘डिस्क कुठं ठेवायची’ या पडद्यावर यादी रिकामी दिसते आणि माणूस घाबरतो. फेडोरा प्रकल्पाकडून मिळणारी व्हर्टिओ-विन सीडीची इमेज (सीडीची हुबेहूब प्रत असलेली फाइल) दुसऱ्या सीडीच्या जागी लावा, ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, व्हायोस्टोर फोल्डरमधून आपल्या विंडोजचा ड्रायव्हर निवडा. डिस्क समोर येते. नेटचा ड्रायव्हर त्याच सीडीवर नेटकेव्हीएम नावाच्या फोल्डरमध्ये असतो.

आधीच बसवलेली विंडोज आयडीईवरून (डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीवरून) व्हर्टिओवर एकदम नेली तर निळा पडदा येतो, स्टॉप कोड सेव्हन-बी. त्याचा अर्थ, ज्या डिस्कवरून उठायचं तिचाच ड्रायव्हर नाही. यावर सोपी वाट आहे. मुख्य डिस्क आहे तिथं राहू द्या, एक छोटी रिकामी व्हर्टिओ डिस्क जास्तीची जोडा, विंडोजला तिचा ड्रायव्हर बसवू द्या, बंद करा, मग मुख्य डिस्क व्हर्टिओवर न्या. काकांच्या एक्सपीच्या वेळी हाच सेव्हन-बी वेगळ्या कारणानं आला होता. जुन्या मदरबोर्डाचा डिस्क कंट्रोलर आणि क्यूएमूचा पीआयआयएक्स३ यांचे ड्रायव्हर वेगळे. आम्ही डिस्क परत जुन्या मशीनला लावली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरला ‘स्टँडर्ड ड्युअल चॅनल’ हा साधा ड्रायव्हर दिला, तिथून बंद करून नव्यानं इमेज काढली. जुनं मशीन तेवढ्यापुरतं उठलं, हे नशीब. म्हणून सांगतो, मशीन मरायची वाट बघू नका. उठतंय तोवरच हे करून ठेवा.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी कुलूप (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) हा आणखी एक टप्पा होता. इथं खोटं हार्डवेअर नको, खरीच वस्तू आत पाठवायची असते. एलएस-यूएसबी या कमांडनं तिचे दोन आकडे, उत्पादकाचा आणि वस्तूचा, काढायचे आणि क्यूएमूला द्यायचे. कुलपाचा ड्रायव्हर गेस्टमध्ये. होस्टवर मात्र तुमच्या युजरला ते उघडायची परवानगी हवी, त्यासाठी यूडेव्हचा (जोडलेल्या वस्तू सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) एक नियम लिहावा लागतो. कारखान्यातल्या जुन्या सीएनसीला सिरीयल केबलनं प्रोग्राम पाठवणाऱ्यांचंही असंच: पोर्ट होस्टचा, युजर ‘डायलआउट’ गटात हवा, बॉड रेट (पाठवायचा वेग) मात्र गेस्टमधल्या सॉफ्टवेअरमध्ये.

जाता जाता: एक्सपीला सुरक्षेचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. फाइली हलवून झाल्या की काकांच्या गेस्टला आम्ही ‘रिस्ट्रिक्ट’ पर्याय लावला. आता तो बाहेर जाऊच शकत नाही. तयार पत्रिका पेनड्राइव्हवरून बाहेर येते, आणि तो पेनड्राइव्हही कुलपासारखाच आत पाठवलेला.

स्वतः बांधायला घेतलं तर

बहुतेकांना क्यूएमू कंपाइल करायची, म्हणजे मूळ कोडवरून स्वतः बांधायची (आधी ‘कॉन्फिगर’नं तयारी, मग ‘मेक’नं बांधकाम), गरज नसते. उबुंटूत, फेडोरात तयार मिळतो, तोच वापरावा. पण इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कधी अगदी नवी आवृत्ती लागते. नंदगडकडची एक विद्यार्थिनी रिस्क-फाइव्हवर काम करत होती. तिचा मेसेज आला: “सर, कॉन्फिगर झालं, मेक झालं, पण नेटवर्क दिलं की म्हणतंय, यूजर बॅकएंड या बायनरीत कंपाइलच केलेला नाही.”

ही चूक आजकालची ठरलेली. आधी स्लर्पचा कोड क्यूएमूच्या सोबतच यायचा. २०२२ च्या डिसेंबरात आलेल्या ७.२ पासून तो काढला गेला, आता लिबस्लर्प वेगळं बसवावं लागतं. ते नसलं तरी कॉन्फिगर थांबत नाही. ‘नसेल तर नसू दे’ म्हणून पुढं जातो आणि शेवटी छापलेल्या लांबलचक यादीत स्लर्पपुढे ‘नो’ लिहितो. ती यादी कोणी वाचत नाही. वाचा. आणि जे हवंच आहे ते स्पष्ट मागा: ‘एनेबल-स्लर्प’ असं कॉन्फिगरला सांगितलं की लायब्ररी नसताना तो तिथंच थांबून सांगतो. अर्धा तास कंपाइल झाल्यावर कळण्यापेक्षा हे बरं.

‘ग्लिब तर आहे की माझ्याकडे, तरी नाही म्हणतंय’ ही दुसरी तक्रार. प्रोग्राम चालवायला लायब्ररी पुरते. बांधायला तिच्या हेडर फाइली लागतात, त्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. उबुंटूत नावाच्या शेवटी ‘डेव्ह’, फेडोरात ‘डेव्हेल’. ग्लिब, पिक्समॅन, लिबस्लर्प यांची ही पॅकेजं, शिवाय निंजा, फ्लेक्स, बायसन, पीकेजी-कॉन्फिग आणि पायथनचं व्हेन्व्ह बसवून मगच कॉन्फिगर चालवा. २०२० च्या ५.२ पासून क्यूएमू मेसन आणि निंजा या साधनांनी बांधला जातो, त्यामुळे त्याआधीच्या सूचना आता अर्ध्याच लागू पडतात.

तिच्याकडे रॅम ४ जीबी, नेट मोबाइलचं. गिटमधून घेतलं तर सोबतचे उपप्रकल्प कंपाइलच्या मधेच उतरवायला लागतात, आणि रेंज गेली की काम अडतं. म्हणून रिलीजच्या कोडचा गठ्ठा असलेली टार फाइल एकदाच उतरवायची, शंभर एमबीहून मोठी आहे, पण लागणारं त्यातच असतं. गिटच्या प्रतीत आणखी एक खोड: कंपायलरची साधी ताकीदही चूक धरली जाते. नवा कंपायलर नव्या ताकिदी देतो आणि बांधकाम थांबतं. ‘डिसेबल-डब्ल्यूएरर’ दिलं की पुढं सरकतं. मग ‘टार्गेट-लिस्ट’मध्ये फक्त रिस्कव्ही६४ मागायचं. न मागता सगळे प्रोसेसर बांधले जातात, त्यांचं तिला काय करायचं होतं?

निंजा मशीनचे सगळे कोअर एकदम कामाला लावतो. कमी रॅमवर मधेच ‘किल्ड’ एवढाच शब्द येऊन सगळं थांबतं. कोडमध्ये चूक नसते, रॅम संपली म्हणून कर्नेलनं कंपायलरलाच मारलेलं असतं. डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या नोंदींत) बघितलं की दिसतं. दोनच कामं एका वेळी द्या, वेळ लागेल पण होईल.

आणि करंट गेला तर? आमच्याकडे पावसाळ्यात हा प्रश्न येतोच. पुन्हा मेक दिलं की निंजा झालेलं सोडून पुढून सुरू करतो. पण करंट नेमका फाइल लिहिताना गेला, तर अर्धवट किंवा शून्य बाइटची ऑब्जेक्ट फाइल मागे राहते आणि शेवटी लिंक करताना ‘फाइल ट्रंकेटेड’ अशी चूक येते. म्हणूनच बांधकाम वेगळ्या ‘बिल्ड’ फोल्डरमध्ये करायचं असतं. शंका आली की ते फोल्डर उडवायचं, मूळ कोडला धक्का लागत नाही.

चूक शोधताना शेवटची ओळ वाचू नका. एकाच वेळी अनेक कामं चालत असल्यानं खरी चूक वर कुठंतरी गेलेली असते. वर जाऊन पहिलं ‘फेल्ड’ शोधा. कॉन्फिगरच अडलं असेल तर बिल्डमधल्या मेसन-लॉग्ज फोल्डरात त्यानं कुठली चाचणी केली आणि ती का फसली, ते शब्दशः असतं.

बांधून झाल्यावरही एक घोळ उरतो. मशीनवर आता दोन क्यूएमू असतात, उबुंटूचा आणि तुमचा. तुम्ही चालवता तो कुठला? ‘विच’ कमांडनं विचारा, आवृत्ती छापून बघा. लिबव्हर्टमधून चालवत असाल तर तिथं पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, तो बहुधा जुन्याचाच. आणि नुसती बायनरी उचलून दुसरीकडे ठेवली तर ‘बायोस लोड करता आला नाही’ असं येतं, कारण बायोसच्या फाइली मागे राहिल्या.

त्या विद्यार्थिनीचं नेटवर्क लिबस्लर्प घालून पुन्हा बांधल्यावर सुरू झालं. मग तिनं स्वतः बांधलेला कर्नेल लावला आणि तो ‘रूट फाइलसिस्टीम सापडत नाही’ म्हणून पडला. तिनं विचारायच्या आधीच उत्तर शोधलं होतं: डिस्क व्हर्टिओची, आणि तिच्या कर्नेलमध्ये व्हर्टिओ ब्लॉकचा ड्रायव्हर आतच बांधलेला नव्हता. “सर, हे गेस्टच्या बाजूचं निघालं.” मला फार आनंद झाला.

कुणाला मदत मागायची वेळ आली तर चार गोष्टी आधीच द्या: क्यूएमूची आवृत्ती, सुरू करायची पूर्ण कमांड जशीच्या तशी, होस्ट-गेस्ट कुठले, आणि पहिली चूक. कमांड गाळू नका. काकांच्या बाबतीत एक गाळलेला शब्दच तर बिघाड होता.

काकांच्या दुकानात आता कमांड एका स्क्रिप्टच्या फाइलीत आहे. काही नवं करून बघायचं असेल तर मूळ डिस्क इमेजला हात लावत नाहीत. तिच्यावर बेतलेली एक तात्पुरती क्यूकाऊ-२ इमेज करतात, बिघडलं की ती पुसतात. स्क्रिप्टमध्ये कार्डाच्या ओळीवर पुतण्यानं टीप लिहून ठेवली आहे: ‘आरटीएल ८१३९. हे नाव काढू नये. एक्सपीला दुसरं ओळखत नाही.’ त्याखाली तारीख, आणि काकांच्या सांगण्यावरून तेच वाक्य कन्नडमध्येही.